अक्काची हजेरी

गेल्या महिन्यात आमच्या तन्मयच्या शाळेत पालकसभा होती. वर्गशिक्षिका तरुण होत्या आणि पालकांची हजेरी मुलांच्या नंबरांनी घेत होत्या. मी मागच्या बाकावर, गुडघे फळीखाली कसेबसे अडकवून, दुपारच्या जेवणाच्या गुंगीत बसलो होतो. बाई म्हणाल्या, "एकसष्ट." मी ताडकन उभा राहिलो. हात दोन्ही बाजूंना सरळ, हनुवटी वर. "हजर, अक्का!" चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, वाचायचा चष्मा गळ्यात अडकवलेला माणूस. सगळा वर्ग हसला. माझ्या पोराचा नंबर सतरा आहे. एकसष्ट नंबरच्या मुलीची आई पुढच्या रांगेत अर्धी उठलेली होती, ती तशीच ओशाळून बसली, जसं काही तिचंच चुकलं. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, कुंदानं, सदऱ्याचं टोक धरून मला खाली ओढलं.

मग बाईंनी पालकत्वावर चार शब्द सांगितले. घरात आई-वडील दोघं असले की मूल स्थिर असतं, एकट्या पालकाच्या मुलाला शिस्त लागायला जड जातं, अशा मुलांकडे शाळा जास्त लक्ष देते, वगैरे. बाई चांगल्या होत्या, कळवळ्यानं बोलत होत्या. मी मान डोलावत राहिलो. मला एकट्या बाईनं वाढवलं आणि भरल्या घरानं बिघडवलं, हे उठून सांगावंसं वाटलं होतं. पण एका सभेत दोनदा उभं राहायची माझी छाती नाही. म्हणून इथे लिहितो.

अक्का म्हणजे माझी आई. धुळ्याला मुलींच्या एका वसतिगृहात ती अधीक्षिका होती. साठ मुली, बहुतेक शिरपूरच्या वरच्या अंगाच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या, काही साक्रीकडच्या. त्या तिला अक्का म्हणायच्या म्हणून मीही अक्काच म्हणायचो. तिला आई म्हणणारं त्या आवारात कोणीच नव्हतं. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पहाटे पंपाचा आवाज, मग बादल्यांचा, मग कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडीचे तीन टोले. साठ ताटं एकदम सिमेंटवर मांडली की जो आवाज होतो तो मी अजून विसरलेलो नाही. मुलींना जे मिळायचं तेच आम्हाला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, रविवारी शेवभाजी, आणि तीही सगळ्यांचं वाढून झाल्यावर. शेवभाजीत तोवर शेव उरलेली नसायची. अधीक्षिकेच्या पोराला आधी वाढलं असं कोणी म्हणू नये, म्हणून माझ्या लहानपणातल्या सगळ्या भाज्या नुसत्या रश्श्याच्या आहेत.

संध्याकाळी सातला व्हरांड्यात हजेरी. अक्का कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात वही घेऊन उभी राहायची. मुली ओळीनं, आणि सगळ्यांत शेवटी, ओळ संपल्यावर हातभर अंतर सोडून मी. मुलींची ती पूर्ण नावं घ्यायची. माझं पूर्ण नाव घ्यायचं तर मध्ये नवऱ्याचं नाव येतं, आणि ते ती उच्चारत नव्हती. नवऱ्याचं नाव न घेण्याची बायकांची जुनी रीत होती की राग होता, मला आजवर कळलेलं नाही. साठावं नाव झालं की ती वहीतून मान न उचलता म्हणायची, "एकसष्ट." मी म्हणायचो, "हजर, अक्का." मग वही मिटायची.

उशीर झाला तर फाटकाशी एक उशिराचं पुस्तक असायचं. त्यात वेळ, कारण आणि सही. मलाही तोच नियम. एकदा मी लिहिलं, "पांझरेच्या पुलावर बैल बसला होता." अक्कानं वाचलं आणि विचारलं, "कोणाचा?" मी म्हणालो, माहीत नाही. "रंग?" मी म्हणालो, पांढरा. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना ती पुलाजवळच्या चारावाल्याला विचारून आली. तिथे बैल बसला नव्हता. तिनं मला मारलं नाही. पुस्तक पुढे केलं, आणि त्याच ओळीखाली मी लिहिलं, "बैल नव्हता." सही केली. ते पान नंतर वसतिगृहाच्या तपासणीला आलेल्या साहेबांनीही वाचलं.

आता बाप झाल्यावर मला थोडं समजतं. तिनं मला मारलं असतं तर लोक म्हणाले असते, नवऱ्याचा राग पोरावर काढते. सैल सोडलं असतं तर म्हणाले असते, बाईच्या हाताखालचं पोरगं, वाया जाणारच. आई आणि बाप अशा दोन्ही पाळ्या ती एकटी करायची, आणि दोन्ही पाळ्या लोक फाटकाबाहेर उभं राहून तपासायचे. पण तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आणि मला एवढंच दिसत होतं की माझ्या वयाच्या कुठल्याच पोराला आईसमोर सही करावी लागत नाही.

माझे वडील, भास्कर, मी सहा वर्षांचा असताना सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेले आणि तिकडचेच झाले. पत्र यायचं ते जळगावला, त्यांच्या थोरल्या भावाला. या थोरल्या काकांना सगळे आबा म्हणायचे. आबांच्या घरी मोठीआई, म्हणजे माझी काकू, आणि दोन पोरं, माझ्या वयाचा विजू आणि त्याच्याहून धाकटा एक. सुट्टीत मी तिथे गेलो की मला स्वर्गात आल्यासारखं वाटायचं. आबा सिनेमाला जायचं नाही म्हणून गरजायचे, आणि मोठीआई मागच्या दारानं पोरांना सोडायची. मोठीआई तेलकट खाऊ नका म्हणायची, आणि आबा येताना भजी आणायचे. कप फुटला तर मोठीआई मांजरावर ढकलायची. त्या घरात मांजर नव्हतं. दोन मोठी माणसं असली की त्यांच्यामध्ये एक फट राहते, आणि शहाणी पोरं त्या फटीत राहतात, हे मी तिथे शिकलो. अक्का एकटी होती. तिच्यात फट कुठून आणायची?

दर श्रावणात आम्ही जळगावला कानबाईला जायचो. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, ही आमची घरातली देवी, दीड दिवसाची. तिच्या नैवेद्याचे रोट करायला गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, प्रत्येकाची सव्वा मूठ. त्या मोजलेल्या गव्हाचेच रोट, ते घरच्यांनीच खायचे, उरले तर टाकायचे नाहीत. बायकांची मूठ नसते. त्यांनी निवडायचं, दळायचं, लाटायचं. सुरतेला गेलेल्या माणसाची मूठ मात्र असायची. आबा दर वर्षी "भास्करनी", म्हणजे भास्करची, असं म्हणून मला पुढे बोलवायचे, आणि वडिलांची मूठ मी टाकायचो. माझी वेगळी कोणी घेत नसे. बाप-लेकांत एक मूठ होती, आणि अक्का ते चालवून घेत होती.

त्या वर्षी आम्ही शनिवारी दुपारी पोचलो तर ओसरीवर वडील बसलेले. आठ वर्षांनी. अंगाला अत्तराचा वास, पांढरे बूट, आणि सुरतेच्या घारीचा मोठा डबा. मला त्यांनी जवळ ओढलं, गालावर थापट्या मारल्या आणि म्हणाले, "अरे वा, उंच झाला की!" मी जेवढी वर्षं त्यांच्यावर चिडून होतो तेवढी सगळी त्या एका थापटीत विरघळली. इतक्या स्वस्तात गेलो मी. अक्का डोक्यावरचा पदर नीट करून सरळ आत गेली.

दुपारी गहू मोजायला घेतले. आबा पाटावर बसले, पहिली मूठ स्वतःची टाकली. "ही मनी. ही विजूनी. ही धाकल्यानी." मग वडिलांनी स्वतः पुढे होऊन आपली मूठ टाकली, वर चिमूटभर, आणि सगळे खूश होऊन हसले. आबांनी फडक्याची गाठ मारली. "झायं. बठ्ठा झायात." सगळे झाले.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून अक्का म्हणाली, "आबा, सुरेशची राहिली."

जेठासमोर ती कधी बोलत नसे. आबा म्हणाले, "बांधेल गाठ परत सोडतस का कोनी? बाप-पोऱ्या येकच शेतस ना."

वडील हसत म्हणाले, "राहू दे गं. माझ्यातलं खाईल तो."

"नाही," अक्का म्हणाली. "त्याची वेगळी घ्या."

मोठीआई "काय बाई हट्ट" म्हणून चुकचुकली. अक्का उंबऱ्यातून हलली नाही. शेवटी आबांनी कपाळाला आठ्या घालत गाठ सोडली, आणि मी मान खाली घालून माझी सव्वा मूठ टाकली. सव्वा मूठ गव्हासाठी आपली आई बापाचं येणं नासवते आहे, असं मला वाटलं. सात जणांच्या घरात मी मोजायचा राहिलोय हे एकटीच्या लक्षात आलं होतं, आणि लाज मला तिची वाटली.

रविवारी दुपारी घरच्या आणि भाऊबंदांतल्या बायका आत रोट लाटत होत्या, पुरुष ओसरीवर बसले होते. विजू वडिलांना म्हणाला, "काका, सुऱ्या अक्काबाईची नक्कल करस, येक नंबर!" वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "कर, कर, बघू दे."

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी टॉवेलचा पदर घेतला, कमरेला आबांच्या कपाटाच्या किल्ल्या खोचल्या, वही म्हणून पंचांग धरलं. हजेरी घेतली. बैलाचा रंग विचारला. आबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं, वडील तर लोडावर आडवे झाले. हसणं असं समोरून येतं ना, तेव्हा माणसाला थांबता येत नाही. निदान मला आलं नाही. मी ओसरीच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो, पदर पुढे ओढला आणि हुबेहूब तिच्या आवाजात म्हणालो, "आबा, सुरेशची राहिली."

सगळ्यांत मोठा हशा त्याला मिळाला. आतलं एक लाटणं थांबलं. बाकीची चालूच होती, म्हणून थांबलेलं एक मला ऐकू आलं. मग तेही सुरू झालं.

हसून झाल्यावर आबांनी डोळे पुसले आणि ते एकदम गंभीर झाले. "भास्कर, पोऱ्याले बाईनी जेलमां ठेयेल शे रे. सही लेस पोरानी! पोऱ्याले बाप पाहिजे." माझी नक्कलच पुरावा झाली होती. वडिलांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आता सुरत सोडली, जळगावातच दुकान टाकायचं, पोरगा इथेच शिकेल. आबांनी मला हाक मारली. "आठे ये. सांग, तुले कोठे ऱ्हावानं शे?"

अक्का दारात आली होती. हाताला पीठ, डोक्यावर पदर. मोठीआई मागून म्हणाली, "तू तरी बोल की काही." अक्का म्हणाली, "त्याला विचारलंय. तो सांगेल."

माझ्या अंगावर अजून तो टॉवेल होता. "आठेच," मी म्हणालो. इथंच.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झाल्यावर ती निघाली. पिशवीत तिची जुनी साडी आणि वाटचा डबा. मी स्टँडपर्यंत गेलो नाही, वडील दुपारच्या खेळाला नेणार होते. दारात ती म्हणाली, "रोट उरलेत, ते संपव. टाकू देऊ नको."

त्यानंतरचे चार महिने मी सुखाचे म्हणून सुरू केले. वडील दिवाळीपर्यंत टिकले. दुकानाची जागा बघायला रोज जायचे आणि पत्ते खेळून यायचे. कशालाच नाही म्हणायचे नाहीत, कारण काय मागितलं ते पुरतं ऐकायचेच नाहीत. मग एका सकाळी खुंटीवरची त्यांची बॅग नव्हती. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तर विजू म्हणाला, "गया ना सुरतले. तुले माहीत नही?"

त्या घरात माझी काळजी घ्यायला सुरुवातीला तीन मोठी माणसं होती. आबांना वाटायचं भास्कर बघतोय, वडिलांना वाटायचं आबा बघतायत, आणि मोठीआईला वाटायचं पुरुष बघतायत. मी अकरा दिवस शाळेत गेलो नाही. मेहरूणच्या तलावावर बसायचो, बिड्या ओढून बघायचो, उलटी करायचो, परत ओढायचो. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा सवयीनं डोक्यात कारण तयार असायचं. चांगली कारणं, बैलाच्या रंगासकट. पहिल्या दिवशी मी ओसरीवर उभा राहिलो, कोणी विचारेल म्हणून. मोठीआई म्हणाली, "वाटेतून सरक." अकरा दिवसांची अकरा कारणं मी तशीच बाळगून झोपलो. स्वर्गात फिरायला जागा भरपूर असते, पण तिथे कोणी वाट बघत नसतं, हे मला चौदाव्या वर्षी कळलं, आणि कळूनही मी दर सकाळी पुन्हा तलावावरच गेलो.

शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. आबांनी वाचली, दोन मुस्कटात दिल्या, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येकली बाईनी वाढायेल पोऱ्या शे, आनखी काय व्हनार!" मी गालावर हात ठेवून उभा होतो. बोलायला हवं होतं. बिडी तुमच्या गावात शिकलो, खोटं तुमच्या घरात पचलं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चुकलं आबा." मोठीआई लगेच म्हणाली, "त्याचा दोष नाही हो, त्याला वळणच नाही." आजही आमच्या भाऊबंदांत ती गोष्ट अशीच सांगतात. त्या चार महिन्यांतलं सगळं अक्काच्या नावावर आहे, आणि ते मी कधी खोडलेलं नाही.

आबांनी मला धुळ्याला आणून फाटकाशी सोडलं आणि आत न येता परतले. अक्कानं हातपाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. त्या दिवशी शेवभाजी होती आणि माझ्या वाटीत शेव होती. मी खाताना ती मुलींच्या कोठीकडे निघून गेली.

सात वाजता टोले पडले. मी व्हरांड्यात माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो, हातभर अंतर सोडून. नावं सुरू झाली, मी मनात मोजत होतो. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. तिनं वही मिटली आणि ती आत गेली. मुली पांगल्या. तोंडात आलेलं "हजर" गिळत मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा आलो, उशिराचं पुस्तक स्वतःच उघडलं, कारण लिहिलं, खरं कारण, सही केली. पुस्तक उघडं ठेवलं. तिनं ते मिटून फळीवर ठेवलं, वाचलं नाही.

तेव्हापासून तिनं मला कधीच काही विचारलं नाही. कुठे होतास, का उशीर, किती मार्क पडले, बिडीचा वास कसला येतो, काही नाही. जेवायला वाढायची, कपडे शिवून द्यायची, ताप आला तर उशाशी बसायची. पण विचारायची नाही. नोकरी लागल्यावर पगार सांगितला तर म्हणाली, "बरं." कुंदाला बघून आलो आणि पसंत आहे म्हणालो, तर, "तुला ठीक वाटेल तसं." पाहुण्याशी वागावं तशी नीट वागली, आयुष्यभर. मी मग आपणच सरळ झालो. अभ्यास केला, वेळेवर यायला लागलो. लोक म्हणायचे, बघा, बाईनं एकटीनं कसं वळण लावलं. तेही खरं नव्हतं.

शेवटची नऊ वर्षं ती आमच्याकडे जळगावला होती. तन्मयला विचारायची, जेवलास का, दप्तर भरलंस का. कुंदाला विचारायची, भाजी कितीला मिळाली. मी संध्याकाळी दारात चपला काढताना जरा रेंगाळायचो. ती माझ्याकडे बघायची, पाय आखडून घेऊन मला वाट द्यायची. तीन वर्षांपूर्वी गेली.

माझं म्हणाल तर मी आता बरोबर उलटा बाप झालोय. तन्मयला दिवसातून पाच वेळा फोन करतो. कुठे आहेस, कोण आहे बरोबर, मागे आवाज कसला येतोय. तो अर्धवट उत्तरं देतो आणि उरलेली कुंदा पुरवते. "क्लासलाच आहे हो तो," ती म्हणते, आणि तिच्या आवाजावरून मला कळतं की तो क्लासला नाही. आमच्या घरातही फट आहे. मी बोलत नाही. बोललो तर घरातली दोन्ही माणसं एका बाजूला होतात.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी कुंदाला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती. ऐकताना ती हसली नाही, नकलेशीसुद्धा नाही. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "बघ, एका नकलेची चाळीस वर्षं शिक्षा. अशी कठोर बाई मी पाहिली नाही."

कुंदानं हातातली शेंग पुरती सोलली. मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तकात लिहिलंत म्हणता. अक्कांना तोंडानं काय म्हणालात, ते कुठं लिहिलंय?"

मी म्हणालो, तोंडानं काही म्हणालो नाही.

"तेव्हा नाही. आणि नंतर? इथं नऊ वर्षं त्या दारात बसायच्या, तेव्हा?"

मी वही मिटली.

"मग शिक्षा कसली हो ती," कुंदा म्हणाली. "भरल्या घरात पोरानं 'तुझं हे विचारणं नको' म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं तुमचं. परत हवंय, हे तुम्ही सांगितलंच नाहीत."